कापगते सरांचा डोस

कापगते सर स्टाफरूममध्ये कधी बसत नसत. खिडकीजवळची एक खुर्ची त्यांच्या नावाची होती, पण तिच्यावर व्हॉलीबॉलची जाळी, हवा गेलेले दोनतीन बॉल आणि एक फाटकी पिशवी असा संसार मांडलेला असे. सर उभे. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, मुख्याध्यापकांशी वाद घालायचा तर तोही उभ्यानंच. मी शाळेत नवीन लागले तेव्हा संकोचून त्यांची खुर्ची रिकामी करायला गेले, तर म्हणाले, "राहू द्या मॅडम. खुर्ची माणसाले खाते. पाहा ना आपल्या मोठ्या सराइले."

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. ते समोरच बसले होते, आणि तेही हसले. कापगते सरांवर रागवायला कुणाला वेळच मिळत नसे. राग येईपर्यंत ते मैदानावर पोचलेले असत.

आमची शाळा तुमसर तालुक्यात, आंबागडच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. मी तुमसरहून एसटीनं यायची आणि मराठी शिकवायची. श्रावण कापगते त्याच गावचे. घरी धानाची शेती होती आणि शाळेत ते खेळाचे शिक्षक होते. काटक अंग, आखूड बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात कायम कॅनव्हासचे बूट. ते चालायला लागले की सोबतच्या माणसाला पळावं लागे. बोलतानाही त्यांची अर्धी वाक्यं तोंडातच राहून जात आणि पोरं ती पुरी करून घेत. हजेरी तर ते एका श्वासात घ्यायचे. एखाद्याचं 'हजर' यायच्या आधीच पुढची चार नावं होऊन गेलेली असायची.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "चला, आटपा. जेवाले नाई बसलो आपण." मैदानावर, परीक्षेच्या वर्गात, पंधरा ऑगस्टच्या रांगेत, सगळीकडं तेच. एकदा एका शिक्षकाच्या निरोपाच्या जेवणात समोर वाढलेलं ताट असताना शेजारच्या पोरांना ते सवयीनं म्हणाले, "चला, आटपा. जेवाले नाई बसलो आपण." सगळी पंगत हसून लोळली. सरांना मात्र काय झालं ते कळलं नाही. त्यांचं जेवून झालंही होतं.

मुलींचा खो-खो हा त्यांचा जीव. आमच्याकडं तेव्हा मुलींना खेळायला पाठवायला घरचे नाखूश असत. एका वर्षी आठवीतली एक चपळ मुलगी रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत शाळेतच येईना. सर तिच्या घरी गेले. घर बंद, सगळे शेतात. सर शेतात गेले. बाप शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उभा राहून म्हणाला, "रोवणा चालू हाये सर. पोरगी खेळाले गेली तं तिच्या जागी कोण रोवन?" सरांनी बूट काढले, पँट गुडघ्याच्या वर गुंडाळली आणि धानाच्या बांधीतल्या चिखलात उतरले. बायकांच्या ओळीत वाकून त्यांनी अशी रोपं लावायला सुरुवात केली की बायकांना त्यांच्या बरोबरीनं सरकताना दम लागला. त्यांचं गाणं बंद पडलं, गप्पा बंद पडल्या. दुपारी त्या बापानंच हात जोडले. "घेऊन जा बाप्पा पोरीले. पण तुमी बाहेर निघा. तुमच्यानं माह्या बाया पळून जातीन."

ही गोष्ट सर स्वतः कधी सांगत नसत. ती त्यांच्या बायकोनं मला सांगितली. लताबाई त्यांचं नाव, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. सरांच्या अगदी उलट स्वभाव. सावकाश बोलायचं, सावकाश हसायचं. "यायच्यासंगं संसार म्हणजे धावत्या गाडीत सैपाक करणं हाये," असं त्या म्हणायच्या, पण म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नसे.

सरांचं बिघडायला नेमकी कधी सुरुवात झाली ते कुणालाच सांगता येणार नाही. ज्या माणसाकडं नीट बघायला कधी वेळ मिळाला नाही, तो हळू होतोय हे ध्यानात यायलाही उशीर लागतो. मला एवढं आठवतं की एका दुपारी मी तास संपवून आले तेव्हा बॉलची पिशवी जमिनीवर होती आणि सर खुर्चीत बसले होते. मी गमतीनं म्हटलं, "सर, खुर्चीनं खाल्लं की काय?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हसायला हवं हे त्यांना कळलं होतं, पण हसू यायला फार वेळ लागला.

मग एकेक गोष्टी दिसू लागल्या. मार्च उलटून ऊन तापायला लागलं तरी त्यांच्या अंगातला स्वेटर निघेना. आवाज जाड झाला, घशात कापूस कोंबल्यासारखा. चेहरा सुजला, डोळ्यांखाली पिशव्या आल्या. बूट पायात जाईनात म्हणून चपला आल्या. हजेरी घेताना ते एखाद्या नावावर थांबत आणि पुढचं नाव वाचायचं आहे हे विसरल्यासारखे बसून राहत. पोरं आधी एकमेकांना कोपरखळ्या मारायची, नंतर त्यांनी आपापसात हजेरी लावून घ्यायची युक्ती काढली.

तालुक्याच्या सामन्यांत सर पंच होते. दरवर्षी असत. त्या वर्षी त्यांची शिट्टी उशिरा वाजायला लागली. पळणारी बाद होऊन चार पावलं पुढं गेली की शिट्टी. दुसऱ्या शाळेचे लोक ओरडायला लागले. कुणीतरी म्हणालं, "पिऊन आला हाये मास्तर." सुजलेला चेहरा, जड जीभ, तोल सांभाळत टाकलेली पावलं, सगळं त्या म्हणण्याला जुळत होतं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं आणि दुसऱ्या दिवशी दोन पालक शाळेत तक्रार घेऊन आले.

मोठ्या सरांनी कापगते सरांना बोलावलं. मी तिथं पेपर जमा करायला उभी होते, मला जा म्हणायचं त्यांना सुचलं नाही. मोठे सर माणूस वाईट नव्हता. शब्द सापडत नव्हते म्हणून ते टेबलावरचं पेपरवेट फिरवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "श्रावण, जरा इकडं ये. तोंड उघड."

ज्या माणसानं कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं, तो पुढं झाला, वाकला आणि मुख्याध्यापकांच्या तोंडासमोर त्यानं श्वास सोडला. मोठ्या सरांनी मान खाली घातली. कापगते सर तसेच वाकून उभे होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "झालं का सर? का अजून एकदा?"

मी बाहेर येऊन व्हरांड्यात थांबले. ते आले तेव्हा उजेडात मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. भुवयांचे बाहेरचे केस गळून गेले होते. कातडी कोरडी, पिवळट. मला ते सगळं ओळखीचं होतं. धाकट्या मुलाच्या वेळेपासून मला थायरॉईड आहे. माझ्या डॉक्टरांनी एक गोळी दिली, दोनदा रक्त तपासलं, पन्नास मायक्रोग्रॅमवर माझा डोस बसला आणि तेव्हापासून मी पहाटे उठून ती गोळी घेते आणि विसरून जाते. मी म्हटलं, "सर, तुम्ही थायरॉईडची तपासणी करून घ्या."

त्यांनी विचार केला. म्हणाले, "मॅडम, तो तं बायाइचा रोग हाये ना?"

"माणसांनाही होतो सर."

"लोक आधी म्हणत होते बेवडा. आता म्हणतीन बायको." एवढं बोलून ते हसले. त्या वर्षातला तो त्यांचा एकच विनोद असेल.

तरी ते गेले. मीच वहिनींना फोन करून सांगितलं होतं. तुमसरच्या लॅबमधून रिपोर्ट आला, त्यात जो आकडा चारपाचच्या आत असायला हवा तो शंभराच्या पुढं होता. किती पुढं, ते त्यांच्या यंत्रालाही मोजता आलं नव्हतं. डॉक्टरांनी खेळाचा मास्तर, काटक गडी बघून शंभरची गोळी सुरू केली. अनशापोटी घ्यायची, अर्धा तास चहा नाही.

"अर्धा तास चहा नाई?" सर मला म्हणाले. "याच्यापेक्षा बिमारी बरी होती मॅडम." पण घेऊ लागले. रोज शाळेत आल्या आल्या विचारायचे, "मॅडम, घेतली का?" मी म्हणायची, "घेतली. तुम्ही?" बाकीच्या शिक्षकांना वाटायचं आमची काही देवाणघेवाण चालली आहे.

दीडेक महिन्यानं सर परत आले. मला दुसरा शब्द सुचत नाही. बांधीतलं पाणी उतरलं की बुडालेले धुरे हळूहळू दिसायला लागतात, तसा त्या सुजेतून त्यांचा जुना चेहरा वर येत गेला. स्वेटर निघाला. आवाज मोकळा झाला. एका सकाळी खुर्चीवर बॉलची पिशवी होती आणि सर दारात उभे राहून पोरांवर ओरडत होते, "चला, आटपा!" पोरं अशी धावली की मधल्या सुट्टीची घंटा झाली असं वाटावं. वहिनींनी माझ्यासाठी घरचा नवा तांदूळ पाठवला. मोठ्या सरांनी जाहीर केलं की यंदा नववीची किल्ल्याची सहल होणार. सर आजारी असल्यापासून ती बंद होती.

जानेवारीची थंडी होती. किल्ल्याच्या पायथ्याशी गावातली माणसं शेकोटीला बसली होती. सर सगळ्यांच्या पुढं, शिट्टी वाजवत, मागं वळून पोरांना चिडवत चढत होते. मी मुलींबरोबर मागं होते. अर्ध्या वाटेवर वळण आहे, तिथून खालची शेतं आणि तळं दिसतं. सर तिथं एका दगडाला हात टेकून उभे दिसले. मला वाटलं आम्हाला दाखवायला थांबलेत. जवळ गेले तर त्या थंडीत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"मॅडम," ते म्हणाले, "पोरीइले पाणी पाजा. मी इथंच थांबतो."

इतक्या वर्षांत 'मी थांबतो' हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. पोरांनी त्यांना हातांच्या पाळण्यात बसवून खाली आणलं. पायथ्याच्या गावात एक जीप मिळाली. तिथून तुमसर, मग भंडारा, मग नागपूर. त्यांचा मुलगा वरठीच्या पोलाद कारखान्यात कामाला, तो पाळीवरून तसाच मोटारसायकलनं भंडाऱ्याला येऊन पोचला होता.

नागपूरला हृदयाच्या नळ्यांचे फोटो काढले. एकाच जागी अडथळा असता तर त्यांनी तिथं स्प्रिंग बसवली असती. पण सरांच्या नळ्या शेवटपर्यंत जागोजागी आणि बारीक बारीक अडल्या होत्या. स्प्रिंग कुठं बसवणार, आणि बायपास करायचा तर टाका कुठं घालणार? डॉक्टरांनी मुलाला कागदावर चित्र काढून समजावलं. कित्येक वर्षं थायरॉईड मंद राहिल्यानं रक्तात चरबी साठत गेली होती आणि तीच आत बसली होती. शरीर हळू चालत होतं तोवर त्या अरुंद नळ्यांनीही भागत होतं. शंभरच्या गोळीनं शरीर जागं झालं, हृदयाला जास्त रक्त हवं झालं, आणि ते आणायला वाट नव्हती.

गोळी पंचवीसवर आणली. महिन्याभरात सर पुन्हा बुडाले.

त्यानंतरची दोनतीन वर्षं म्हणजे त्या गोळीची खालीवर. नागपूरला दोन डॉक्टर होते, एक हृदयाचे, एक थायरॉईडचे. दोघंही चांगले होते, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. पंचवीसवरून साडेसदतीसवर न्यायचं, सहा आठवडे थांबायचं, रक्त तपासायला द्यायचं. वहिनी ब्लेडनं गोळीचे दोन तुकडे करायच्या. त्या वाढीव अर्ध्या तुकड्यानं सर थोडे उघडायचे, चार वाक्यं सलग बोलायचे, वहिनींना वाटायचं आता जमलं. आणि मग एका सकाळी विहिरीवरून बादली आणताना किंवा गाय बांधताना छाती आवळायची. मग जिभेखाली दुसरी, छातीची गोळी ठेवून पडून राहायचं. पुन्हा पंचवीस. कुणी धने भिजवलेलं पाणी सांगितलं, कुणी झाडाची साल, कुणी पलीकडच्या जिल्ह्यातला वैद्य. वहिनींनी सगळं करून पाहिलं, फक्त डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळीला हात लावला नाही.

"एक म्हणते वाढवा, एक म्हणते घटवा," सर एकदा मला म्हणाले होते. बोलायला त्यांना फार वेळ लागला, मी माझी एसटी जाऊ दिली. "मी दोघाइच्या मंधात लटकून रायलो मॅडम. तुमचा पन्नास कसा बसला एकदम?"

आमची दोघांची एकच गोळी होती, एकाच कंपनीची बाटली. मी वर्षातून एकदा रक्त देत होते.

मीही एकदा त्यांच्यासोबत नागपूरला गेले होते. वहिनींनी थायरॉईडच्या डॉक्टरांना विचारलं, "साहेब, यायचा बरोबर डोस किती हाये ते एकदा सांगून टाका ना." डॉक्टर वयानं तरुण होते. ते काही वेळ रिपोर्ट बघत राहिले. म्हणाले, "आई, यांच्या थायरॉईडला किती लागते ते मला माहीत आहे. ती यांची छाती घेऊ देत नाही. छातीला जेवढी चालते, तेवढ्यानं यांचं भागत नाही. या दोहोंच्या मध्ये एखादी जागा असेल म्हणून आपण शोधतोय." वहिनींनी विचारलं, "अना नसन तं?" डॉक्टरांनी पुढची तारीख लिहून दिली.

शाळेत त्यांना बसून करायची कामं दिली. तीही होईनात. खेळाचा तास सुरू झाला की ते मैदानाच्या कडेला खुर्चीत बसायचे आणि ऊन अंगावर आलं तरी हलायचे नाहीत. पोरं त्यांना उचलून सावलीत ठेवायची, खुर्चीसकट. शेवटी त्यांनी प्रकृतीच्या कारणानं मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी ते आलेच नाहीत. दोनेक महिन्यांनी, आधी निरोप धाडून, मी आणि मोठे सर शाल-श्रीफळ घेऊन त्यांच्या घरी गेलो.

दार सरांनीच उघडलं.

"या, या, या! काहून उशीर केला? मी केव्हाचा वाट पाहून रायलो!" ते उभे होते. चेहऱ्यावरची सूज उतरलेली, डोळे चमकणारे. आम्ही बसेपर्यंत त्यांनी अंगणातून दोन खुर्च्या आणल्या, पाण्याचे पेले आणले, आणि वहिनींना हाक न मारता स्वतःच चहा टाकायला गेले. आतून त्यांचा आवाज येत होता. शाळेत यंदा खो-खोला कोण कोण आहे, ती अमक्याची पोरगी डावीकडं चांगली वळते, तिला मधे ठेवा, नव्या सरांना सांगा. मोठे सर माझ्याकडं बघून आनंदानं मान हलवत होते. मलाही क्षणभर वाटलं की सापडली ती मधली जागा.

चहाचा पेला देताना त्यांचा हात थरथरला. बोटं बारीक बारीक कापत होती. कपाळावर घाम होता आणि गळ्याजवळची शीर उडताना दिसत होती.

वहिनी मागच्या दारानं आल्या. त्यांच्या हातात गोळ्यांची बाटली होती. उन्हाळ्यात गोळ्या खराब होऊ नयेत म्हणून त्या ती पाण्याच्या माठाला लागून एका डब्यात ठेवायच्या. त्यांनी आमच्याकडं पाहिलंही नाही. सरांसमोर बाटली धरली आणि हलवली. तळाशी चारदोन गोळ्या वाजल्या.

"ही बाटली अशी काहून वाजून रायली?" त्यांनी विचारलं. "नवीन आणली होती ना मी?"

सरांनी आपला चहाचा पेला उचलला.

"किती घेऊन रायले तुमी? कवापासून?"

"लता, लोक बसले हायेत."

"बसू द्या. माह्या हातची एक खाता अना मी बांधीवर गेली का मागून किती खाता?"

सरांनी पेला खाली ठेवला. मग ते माझ्याकडं वळले. वहिनींकडं बघून त्यांना ते बोलता आलं नसतं असं मला वाटतं. "मॅडम, तुमाले समजन. पंचवीसवर मी जिता राहतो. पण तो मी नसतो. सकाळी डोळे उघडते अना वाटते कोणीतरी ओलं पोतं अंगावर टाकलं. माह्या नातवानं मले आजा म्हणून हाक मारली तं मले ओ द्याले जमत नाई, तो दुसरीकडं निघून जाते. ह्या दीड महिन्यात मी त्याले खांद्यावर घेतलं. धुऱ्यावर फिरवलं. छाती दुखते, मले मालूम हाये काहून दुखते. मले जागा राहून मराचं हाये मॅडम. झोपेत कायले जगू?"

मोठे सर शालीची घडी उलगडून पुन्हा घालत होते. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. वहिनी बाटली हातात धरून उभ्या होत्या. मला वाटलं त्या रडतील किंवा ओरडतील. त्या सावकाश, नेहमीच्या आवाजात बोलल्या.

"तुमी झोपून रायले तं मले चालते. मी तुमाले उठवीन, आंघोळ घालीन, घास भरवीन. तुमी नाई बोलले तं मी एकटीच बोलीन. पण तुमी नसले तं मले चालत नाई. एवढं सांगते. आता तुमी ठरवा."

मग सरांनी शर्टाच्या वरच्या खिशात हात घातला, कागदात गुंडाळलेल्या काही गोळ्या काढल्या आणि वहिनींच्या तळहातावर ठेवल्या. वहिनींनी त्या बाटलीत टाकल्या, बाटली कमरेला खोचली आणि आमच्याकडं वळून म्हणाल्या, "जेवून जा तुमी. भाकर टाकते."

मोठ्या सरांनी शाल सरांच्या खांद्यावर घातली. दिवस उन्हाचे होते. सर म्हणाले, "राहू द्या, लागनच आता."

त्यानंतर माझी बदली भंडाऱ्याजवळच्या शाळेत झाली. मी अधूनमधून फोन करायची. सुरुवातीला वहिनी फोन सरांना द्यायच्या. पलीकडून नुसता जड श्वास यायचा, मधेच होकाराचं एखादं "हाव" आणि पुन्हा श्वास. पुढं त्या म्हणायला लागल्या, "आता झोपले हायेत, मी सांगीन तुमचा फोन होता म्हणून." कितीवर आहे असं मी विचारायची. पंचवीस. एकदा म्हणाल्या साडेसदतीस करून पाहिलं, सोसलं नाही. मग मी विचारणं बंद केलं. हृदयाचे डॉक्टर खूश होते. छाती दुखणं थांबलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नासाठी मी त्या रस्त्यानं गेले. दुपारची एसटी होती, गर्दी नव्हती. सरांच्या गावाला कुणीतरी उतरणार होतं म्हणून गाडी थांबली. खिडकीतून पाहिलं तर थांब्याच्या कडुनिंबाखाली सिमेंटच्या बाकावर सर बसले होते. लोकरीची टोपी कानावर ओढलेली, अंगात स्वेटर. शेजारी वहिनी, मांडीवर पिशवी, हातात रिपोर्टची पिवळी पाकिटं. उलट्या दिशेच्या गाडीची वाट बघत असाव्यात, तुमसरला रक्त द्यायला.

मी खिडकीतून हाक मारली. "वहिनी! सर!"

वहिनींनी चटकन वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अवो, मॅडम!" त्या सरांच्या कानाशी वाकल्या, "पाहा, कोण हाये. मराठीच्या मॅडम. पाहा ना इकडं."

सरांची मान वळायला लागली. आधी टोपी वळली, मग सुजलेला गाल, मग डोळे. डोळे माझ्यावर येऊन थांबले. मी म्हटलं, "सर, कसे आहात? ओळखलं का?"

त्यांचे ओठ हलले. काहीतरी बोलायचं होतं, ते आतून निघालं होतं, मला ते येताना दिसत होतं. उतरणारा माणूस उतरला. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. मी म्हटलं, "एक मिनिट थांबवा हो," पण गाडी हलली होती. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. सरांचं तोंड उघडलं होतं आणि ते बोलत होते. वहिनींनी आपला कान त्यांच्या तोंडाजवळ नेला होता. मग त्या उठल्या, पिशवी खाली पडली, आणि पदर सावरत गाडीमागं चार पावलं आल्या. हात तोंडाशी नेऊन, सर काय म्हणाले ते त्या मला ओरडून सांगत होत्या.

इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. मी हात हलवला, ऐकू आल्यासारखा.